चोरी झाली, नोंद कुठे झाली?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेला टपालात घर, गल्ली आणि लोकल गाडी यांच्या सुरक्षिततेवरची पत्रं सर्वाधिक होती, आणि बहुतेक कल्याण-डोंबिवली ते बदलापूर या पट्ट्यातली. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे चोऱ्या फार वाढल्यात, असं सोसायटीच्या सभेत सगळेच म्हणतात. पोलीस म्हणतात, कमी झाल्यात. खरं कोणाचं ते कसं तपासायचं?
— एका सोसायटीचे सचिव, डोंबिवली पूर्व

उत्तर : दोघंही खरं बोलत असतील. सभेत मोजल्या जातात त्या ऐकलेल्या चोऱ्या. पोलीस ठाण्यात मोजले जातात ते दाखल झालेले गुन्हे. मधल्या मध्ये बरंच काही गळतं : कुणी तक्रारच देत नाही, कुणाच्या चोरीची ‘गहाळ’ म्हणून नोंद होते, तर कुणाला अदखलपात्राची (पोलीस आपणहून तपास करत नाहीत अशा गुन्ह्याची) पावती देऊन परत पाठवलं जातं. दाखल गुन्ह्यांच्या आकड्यात यातलं काहीच येत नाही.

आधी हद्द नक्की करा. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर आणि मानपाडा अशी चार पोलीस ठाणी आहेत. शेजारशेजारचे दोन रस्ते वेगवेगळ्या ठाण्यांत असू शकतात. स्टेशनात किंवा गाडीत झालेली चोरी तर लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे तिसरीकडेच. त्यामुळे ‘डोंबिवलीतल्या चोऱ्या’ असा तयार आकडा कुठल्याही एका वहीत सापडत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात ठाणे आयुक्तालयाची एकत्र ओळ मिळते, पण गल्लीसाठी ती निरुपयोगी. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचं सगळं त्या एका ओळीत येतं. शिवाय एका प्रथम खबरीत (एफआयआरमध्ये) चार गुन्हे असले तरी त्यात सर्वांत गंभीर तेवढा एकच मोजला जातो. आणि २०११ च्या जनगणनेवर काढलेला ‘दर लाखामागे’ आकडा कुणी दाखवला, तर तो बाजूला ठेवा. तेव्हा कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत होती. त्यानंतर खोणी-पलाव्याच्या बाजूला काय उभं राहिलं, ते तुम्ही रोज बघता.

उपयोगी पडतो तो माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत आणि उत्तराची मुदत ३० दिवस. नावं-पत्ते मागू नका, तपासात अडथळा येईल म्हणून तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज फेटाळला जातो. फक्त संख्या मागा, त्याही महिनावार. घरफोडी दिवसाची, घरफोडी रात्रीची, हिसकावून नेलेला ऐवज, दुचाकी चोरी, मोबाइल चोरी, मोबाइल गहाळ असे रकाने स्वतःच आखून द्या आणि प्रत्येकात ‘दाखल’ व ‘उघडकीस’ असे दोन उपरकाने ठेवा. ‘गहाळ’चा रकाना विसरू नका. चोरीचा आकडा उतरला आणि त्याच महिन्यांत गहाळचा चढला, तर काय झालंय ते सांगायला कुणी लागत नाही.

वाचताना दोन खड्डे टाळा. मे महिन्याची तुलना मेशीच करा, कारण सुट्टीत बंद घरं वाढतात. दुसरा खड्डा कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा घरातल्या चोरीचं जुनं ३८० कलम गेलं आणि ३०५ आलं. घरफोडीची ४५४ व ४५७ जाऊन ३३१ आलं. ऐवज हिसकावण्यासाठी तर स्वतंत्र ३०४ कलम नव्यानेच आलं, आधी हे गुन्हे चोरीत किंवा जबरी चोरीत मिसळलेले असत. म्हणून ‘हिसकावण्याचे गुन्हे शून्यावरून अमुक इतके झाले’ असा तक्ता कुणी फिरवला तर घाबरू नका. वाढला आहे तो रकाना. गुन्हे वाढले की नाही, ते त्यावरून कळत नाही.

प्रश्न : कल्याण सोडल्यावर गाडीच्या दारातून मुलीच्या हातातला मोबाइल हिसकावला. पोलीस ठाण्यात ‘गहाळ झाल्याचा दाखला घेऊन जा, विम्याला आणि सिमला चालतो’ असं सांगितलं. ते घ्यावं का?
— एक पालक, अंबरनाथ

उत्तर : घेऊ नये. गहाळ होणं हा गुन्हा नाही, त्यामुळे त्याचा तपासही नाही. सिमला तो दाखला चालेल, पण चोरीच्या विम्याला बहुधा प्रथम खबरच लागते. हातातून हिसकावलं असेल तर ‘हिसकावून नेला’ हेच शब्द जबाबात हवेत. कलम ३०४ खाली हा दखलपात्र गुन्हा आहे, वस्तूची किंमत कितीही असो. खांबाआड उभं राहून काठीने हातावर फटका मारून मोबाइल पाडला असेल, तर ती जबरी चोरी होते. म्हणून मुलीच्या हाताला लागलं असेल तर वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा.

हा शब्द महत्त्वाचा आहे याचं आणखी एक कारण. साध्या चोरीत ऐवज ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र ठरते. तीन वर्षं वापरलेल्या मोबाइलची किंमत ‘चार हजार’ लावली की गुन्हा तिथेच संपला. खरेदीचं बिल सोबत न्या.

लोहमार्ग पोलिसांची हद्द आमची नाही, असं शहर पोलीस म्हणतील आणि ते उलटंही होईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) १७३ व्या कलमानुसार घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी खबर घ्यावी लागते. तिला शून्य क्रमांक पडतो आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती तिथेच मागून घ्या. नोंदच घेतली नाही तर हकिगत लेखी लिहून पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. त्यानंतरचा दरवाजा दंडाधिकाऱ्यांचा.

पण या सगळ्याआधी, पहिल्या दहा मिनिटांत दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन. ही धावपळ तासाभरात झाली तर रक्कम वाटेत गोठवता येते, उशीर झाला की ती चार खाती फिरून एटीएममधून निघालेली असते. गाडीतूनच मदत हवी असेल तर लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२. जबाबात गाडीची वेळ, डबा, कोणत्या दोन स्थानकांच्या मधे आणि गाडीचा वेग मंदावला होता का, हे लिहून द्या. फटका मारणारे गाडी हळू होते तिथेच उभे असतात, आणि ती जागा सहसा बदलत नाही.

मोबाइल निकामी करायचा तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर (हरवलेले-चोरलेले मोबाइल बंद करण्याच्या) विभागात अर्ज भरा. आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा ओळख) क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र लागतं. इथे एक गोष्ट हमखास अडते. ओटीपी त्याच नंबरवर येतो, पण नव्याने घेतलेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. तेव्हा सिम घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरा. पुढे मोबाइल परत मिळाला तर त्याच पोर्टलवर तो ‘अनब्लॉक’ करावा लागतो, नाहीतर हातात नुसतं खोकं राहतं. आयएमईआय आजच *#०६# दाबून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. खोक्यावरही असतो, पण खोकं रद्दीत गेलेलं असतं.

प्रश्न : आम्ही दोघं सकाळी ७:४० ची लोकल पकडतो, घर संध्याकाळी आठपर्यंत बंद. आमच्या मजल्यावर भरदुपारी कडीकोयंडा तोडून घरफोडी झाली. दाराला काय करावं? पंधरा दिवस गावी जायचंय.
— एक वाचक, बदलापूर पश्चिम

उत्तर : बाहेर लोंबणारं कुलूप हे ‘घरात कुणी नाही’ अशी पाटीच आहे. कुलूप महागडं असून उपयोग नाही, कारण कुलूप कुणी तोडत बसत नाही. कटावणी घालतात ती कोयंड्यात. कोयंडा पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर उभा असतो, एका हिसक्यात लाकडाच्या भुशासकट बाहेर येतो. कडीकोयंडा ठेवायचाच असेल तर स्क्रू काढून आरपार बोल्ट घाला, नट आतल्या बाजूने आणि त्याखाली रुंद वॉशर किंवा पट्टी. सुताराचं तासाभराचं काम आहे.

त्याहून बरं म्हणजे दाराच्या आत बसणारं, दांडा पुढे सरकणारं कुलूप. दांडा चौकटीत ज्या भोकात जातो तिथली पत्र्याची पट्टीही लांब स्क्रूंनी, म्हणजे दोन ते अडीच इंचांच्या, चौकटीत खोलवर बसवून घ्या. नाहीतर कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फाटते. नाइट लॅच असेल तर दार नुसतं ओढून घेऊ नका. ओढलेल्या लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, फटीतून पातळ पट्टी सरकवली की मागे जाते. बाहेरून किल्ली फिरवून दुहेरी लॉक केलं तरच ती अडकते.

तुमच्या मजल्यावर आणखी एक गोष्ट झाली होती का, आठवून बघा : शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातलेल्या होत्या का? ही जुनी पद्धत आहे. आवाज झाला तरी कुणी बाहेर येऊ शकत नाही. सेफ्टी डोअरला बाहेरच्या बाजूने कडी कशाला हवी? मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून त्या काढून टाका. खर्च शून्य.

न्हाणीघराची पट्ट्यांच्या काचांची खिडकी आणि तिच्या शेजारून जाणारा सांडपाण्याचा पाइप ही दुसरी वाट. पट्ट्या बाहेरून एकेक सरकवून काढता येतात, म्हणून आतून जाळी बसवा, स्क्रूची डोकी आतल्या बाजूला ठेवून. एसीची रिकामी चौकट प्लायवूडने झाकलेली असेल तर ती तिसरी.

गावी जाताना दूध-पेपर बंद करा, आणि मुख्य म्हणजे दारात साचलेली पत्रकं रोज उचलायला शेजाऱ्यांना सांगा. किल्ली चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका, पहिला हात तिथेच जातो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेले बरे. तिथे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर १ जानेवारी २०२२ पासून बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. ही मर्यादा कमी वाटत असेल तर दागिन्यांचा वेगळा विमा घ्या.

परत आल्यावर दार उघडं दिसलं तर आत पाऊल टाकू नका. ११२ ला फोन करा, जिन्यात थांबा. आवराआवर, कपाट मिटवणं, फरशी पुसणं यांनी ठसे जातात आणि ठसेतज्ज्ञ आल्यावर त्यांना फक्त घरच्यांचेच मिळतात. फिर्यादीत दागिन्यांची किंमत नव्हे तर वजन लिहा, ‘सोन्याची चेन’ असं नाही, तर ‘साडेबारा ग्रॅम, गोप, एस आकाराची कडी’ असं. एखादी वस्तू चार दिवसांनी आठवली तर पुरवणी जबाब देता येतो. तो द्या, लाजू नका. घरफोडीसाठी कलम ३३१ लागलंय ना, तेही बघा. चोरीच्या हेतूने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा, तर सूर्यास्त ते सूर्योदय यांमधल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसती चोरी लिहिली तर तपासाचं वजनच उतरतं.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना रस्त्यात दोघांनी अडवून ‘पुढे मर्डर झालाय, दागिने काढून पुडीत ठेवा’ सांगितलं. घरी येऊन बघतात तर पुडीत खडे. या गोष्टीला लोक अजून फसतात?
— एक वाचक, कल्याण पश्चिम

उत्तर : फसतात, कारण तिसरा माणूस आधी येऊन ‘रस्त्यावरचा अनोळखी’ बनून स्वतःची चेन काढून देतो, ते बघून विश्वास बसतो. खरा पोलीस रस्त्यात कुणालाही दागिने उतरवायला सांगत नाही, पुडी बांधून तर मुळीच देत नाही. सासूबाईंना एकच वाक्य पाठ करायला द्या : ‘चला, त्या दुकानात जाऊन बोलू.’ दुकानाकडे पावलं वळली की तोतया थांबत नाही. दागिने चकाकून देणारे आणि गॅसची नळी तपासायला न बोलावता आलेले, यांनाही हेच लागू : दार न उघडता ‘ज्याने बोलावलं त्याचा फोन लावून द्या’ म्हणावं. पोलीस असल्याची बतावणी हा वेगळा गुन्हा आहे, फिर्यादीत फसवणुकीबरोबर तोही येऊ द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत. दोन गाड्यांची तोडफोड झाली, पण चित्रणात कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही आणि एका कॅमेऱ्याचं तर चित्रणच नाही. काय चुकलं?
— व्यवस्थापन समिती सदस्य, ठाकुर्ली

उत्तर : जवळजवळ प्रत्येक सोसायटीत हीच कथा असते. कॅमेरे लावताना ‘सगळा आवार दिसला पाहिजे’ एवढीच अट घातली जाते. आवार दिसतो, माणूस दिसत नाही.

चेहरा अनोळखी डोळ्यांना पटावा इतका स्पष्ट हवा तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० पिक्सेल असतात, म्हणजे दृश्याची रुंदी पावणेआठ मीटरच्या आत हवी. सोसायटीत सर्रास लावतात ते २.८ मिलिमीटरचं भिंग इतकं रुंद बघतं की ही मर्यादा तीन मीटरवरच संपते. त्यापुढचा माणूस म्हणजे टोपी घातलेला ठिपका. सहा मिलिमीटरचं भिंग घेतलं तर सात-साडेसात मीटरपर्यंत चेहरा मिळतो, आवार मात्र कमी दिसतो. म्हणून दोन प्रकार मिसळा : आवारासाठी रुंद भिंग, आणि फाटक व जिन्याचं तोंड अशा अरुंद जागी, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे लांब भिंग. हे चेहऱ्याचे कॅमेरे सव्वादोन ते अडीच मीटर उंचीवर लावा. चार मीटरवर लावलेला कॅमेरा चोरीला जात नाही हे खरं, पण तो डोक्याचे भोवरेच दाखवतो.

फाटक पूर्वेला असेल तर सकाळी मागून ऊन येतं आणि माणूस काळी आकृती होतो. तिथे १२० डेसिबलचा डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या किंवा कॅमेऱ्याची बाजू बदला. गाडीचा नंबर टिपणारा कॅमेरा वेगळाच असतो. साध्या कॅमेऱ्यात रात्री हेडलाइटमुळे पाटीच्या जागी पांढरा गोळा येतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं किंवा त्याहून जलद ठेवावं लागतं आणि तसं केलं की बाकीचं चित्र अंधारतं. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं होत नाहीत, विकणारा काहीही म्हणो.

आता साठवण. एच.२६५ या चित्रण दाबून लहान करण्याच्या पद्धतीने एक दोन-मेगापिक्सेल कॅमेरा सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट लिहितो, म्हणजे दिवसाला साडेएकवीस जीबी. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. तुमच्या चित्रण साठवणाऱ्या यंत्रात एक टीबीची डिस्क असेल (बहुतेकांत असते) तर साडेपाच दिवसांत जुनं पुसलं जातं. गावाहून पंधरा दिवसांनी परतलेल्याच्या घरफोडीला ते चित्रण कसं पुरणार? महिनाभराला साडेपाच टीबीच्या आसपास लागतात, म्हणून सहा टीबीची डिस्क घ्या, तीही चित्रणासाठी बनवलेली. साध्या संगणकाची डिस्क अहोरात्र लिहून वर्ष-दीड वर्षात मान टाकते आणि पडद्यावर चित्र चालूच राहत असल्यामुळे कुणाला कळत नाही. तुमचा ‘चित्रणच नाही’ वाला कॅमेरा मात्र वेगळ्या कारणाने गेला असावा : रात्री बंद, सकाळी चालू? मग वीज कमी पडतेय. बारा व्होल्टचा पुरवठा पातळ वायरीतून साठ-सत्तर मीटर नेला की वाटेत दाब उतरतो. दिवसा भागतं, पण अंधारात कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागले की तो बसतो. अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ आणा किंवा जाड वायर घाला. पावसाळ्यानंतर कॅमेऱ्याच्या वायरीच्या बीएनसी जोडांवर गंज बघा. आणि भिंगासमोरचं कोळ्याचं जाळं! रात्री त्या दिव्यांत ते असं उजळतं की सगळा पडदा पांढरा. महिन्यातून एकदा कुंचा फिरवणं हाच उपाय.

यूपीएस असेल तर त्यावर नुसतं यंत्र नको, कॅमेऱ्यांचे अडॅप्टरही हवेत. आठ कॅमेरे आणि यंत्र मिळून साठेक वॉट घेतात, सात अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ते जेमतेम पाऊण तास चालतं.

दर महिन्याला एकाने पंधरा मिनिटं द्यावीत : दहा दिवसांपूर्वीची, रात्री दोनची पाच मिनिटं प्रत्येक कॅमेऱ्यावर चालवून बघायची आणि यंत्राचं घड्याळ मोबाइलशी जुळवायचं. घड्याळ सतरा मिनिटं पुढे असलं की न्यायालयात तेवढ्यावरून पुरावा डळमळतो. आधीच चुकलेलं असेल तर घटनेनंतर दुरुस्त करू नका, फरक किती तो पोलिसांसमोर पंचनाम्यात लिहून घ्या.

घटना घडली की पडद्याचं मोबाइलवर चित्रण करून समूहावर टाकणं थांबवा. मूळ स्वरूपातली फाइल काढून द्या. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्याचा ‘अ’ भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारा अंकी ठसा) त्यात नोंदवतात, म्हणजे पुढे कुणी काटछाट केली तर उघडी पडते.

प्रश्न : दोन वॉचमन आहेत, तरी चोरी झाली. एजन्सी बदलावी का?
— अध्यक्ष, डोंबिवलीतील एक सोसायटी

उत्तर : आधी काम बघा. पंप चालू करणं, गाड्या सरकवून देणं, कुणाचं पार्सल वर नेणं, सकाळी गाड्या धुणं, एवढं केल्यावर फाटकावर कोण असतं? बारा-बारा तासांच्या पाळीत पहाटे दोन ते चारमध्ये माणूस पेंगणारच. त्यावर ओरडून उपयोग नाही, आठ तासांच्या तीन पाळ्या हा उत्तराचा खर्चिक पण खरा भाग.

एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्था अधिनियम, २००५ खालचा परवाना आहे का ते बघा. तो नसताना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक रक्षकाची पोलीस पडताळणीची प्रत सोसायटीच्या फायलीत हवी, एजन्सीच्या कपाटात असून चालत नाही. बदली रक्षक आला तर त्याचीही. बहुतेक सोसायट्या इथेच चुकतात. दुसरा पर्याय बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याच्या सुरक्षा रक्षक मंडळाकडून रक्षक घेण्याचा.

नोंदवहीत ‘पाहुणा, ३०२’ याला अर्थ नाही. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, गाडीचा नंबर, आणि घरच्यांनी होकार दिला का. बाहेर गेल्याचा रकाना कोरा राहतो तो भरून घेतला तरी अर्धं काम झालं.

प्रश्न : भाडेकरूसाठी पोलिसांची परवानगी लागते का? एजंट त्यासाठी पैसे मागतो.
— एक घरमालक, उल्हासनगर

उत्तर : लागत नाही. द्यायची असते ती माहिती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आयुक्तालय तसे आदेश वेळोवेळी काढतं. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो, मग नवा निघतो. मोडला तर न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाखाली गुन्हा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अर्ज स्वतः भरता येतो, भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र आणि कायमचा पत्ता लागतो. पोच सोसायटीला द्या. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही वेगळी, भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाची अट आहे, आणि तिची जबाबदारी मालकावर आहे. भाडेकरूच्या जातधर्माचा किंवा लग्न झालंय का याचा रकाना या अर्जाच्या नावाखाली घुसवणाऱ्या समित्या आहेत. त्याचा सुरक्षिततेशी काही संबंध नाही.

प्रश्न : ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ असा मेसेज फिरतोय. परवा पोरांनी एका फिरस्त्याला पकडून बसवलं. आम्हाला पकडण्याचा अधिकार आहे ना?
— एक वाचक, टिटवाळा

उत्तर : फार मर्यादित. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमानुसार तुमच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा माणूस घोषित गुन्हेगार असला, तरच पकडता येतं. आणि विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांकडे द्यावं लागतं. संशय, अनोळखी चेहरा, वेगळी भाषा, पाठीवरचं गाठोडं हे काहीही पुरेसं नाही. पोरांनी जे केलं तो त्यांच्यावरचा गुन्हा होऊ शकतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच मेसेजवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं गेलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात तिघांना. दोन्ही ठिकाणी टोळी नव्हतीच. जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला आता न्याय संहितेत वेगळं पोटकलम आहे, १०३(२), आणि शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. ‘मी फक्त व्हिडिओ काढत होतो’ हा बचाव चालेल, यावर विसंबू नका.

समूहाच्या अॅडमिनने एक नियम लावावा : तारीख, वेळ, जागा आणि स्वतः पाहिलेल्याचा नंबर नसलेला मेसेज टिकणार नाही. खरंच काही दिसलं तर ११२, आणि बीट अंमलदाराचा (तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाचा) नंबर समूहाच्या वर्णनात.

प्रश्न : स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर अंधार असतो. तक्रार करून काही होत नाही.
— नोकरदार महिलांचा गट, अंबरनाथ पूर्व

उत्तर : तक्रारीत खांबाचा क्रमांक होता का? तो खांबावर रंगवलेला असतो. ‘अमुक रस्त्यावर दिवे नाहीत’ एवढ्यावर दुरुस्तीवाला एक फेरी मारून तक्रार बंद करतो. एक दिवा गेला असेल तर बिघाड दिव्यात, ओळीने सगळे गेले असतील तर पेटीत किंवा टायमरमध्ये. हेही लिहा. दिवा चालू असून खाली अंधार असेल तर फांदी आड येतेय, ती तक्रार उद्यान विभागाची. पाहणी शेवटच्या गर्दीच्या गाडीनंतर, साडेनऊ-दहाला करा. सातला दुकानांचा उजेड असतो, त्यात काहीच कळत नाही.

प्रश्न : घरफोडीतलं आमचं सोनं सापडलंय, पण ते लगडीच्या रूपात. पोलीस म्हणतात, ‘कार्यक्रम होईल तेव्हा देऊ.’
— एक वाचक, कल्याण पूर्व

उत्तर : कार्यक्रमाची वाट बघायची गरज नाही. मुद्देमाल परत करण्याचे आदेश न्यायालय देतं. खटला उभा राहिला नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, न्यायालयासमोर मुद्देमाल हजर झाला असेल तर ४९७ खाली अर्ज करा. ४९७ मध्ये मुदतीही आहेत : १४ दिवसांत मुद्देमालाचं वर्णनपत्र व छायाचित्रं, त्यानंतर ३० दिवसांत निकाल. मौल्यवान ऐवज पोलीस ठाण्यात अडकवून ठेवू नये, पंचनामा आणि फोटो करून सुपूर्त करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच स्पष्ट केलंय. अर्जात त्याचा उल्लेख करा.

लगडीची अडचण वेगळी. तिच्यावर तुमच्या गोपाची खूण उरलेली नसते, आणि एकाच लगडीत तीन घरांचं सोनं असू शकतं. तिथे फिर्यादीतलं वजन, सराफाची बिलं आणि आरोपीने कोणत्या घरातलं सोनं कुठे वितळवलं याचा निवेदन पंचनामा, हे तिन्ही जुळावे लागतात. बिलं हरवली असतील तर सराफाच्या जुन्या वहीतून प्रत मिळते का बघा, लग्नातले दागिने घातलेले फोटोही जोडा. इतर फिर्यादी कोण आहेत ते तपास अधिकाऱ्याला विचारून सगळ्यांनी मिळून वाटणीचा एकच संमती अर्ज दिला तर काम पुष्कळ हलकं होतं. भांडत बसलात तर लगडी मुद्देमाल कक्षातच राहते. आदेश मिळाल्यावर सुपूर्तनामा लिहून द्यावा लागतो. खटला संपेपर्यंत ते सोनं विकायचं, मोडायचं नाही आणि बोलावलं तर हजर करायचं. म्हणून त्याचं लगेच नवं मंगळसूत्र घडवायला टाकू नका.